महिन्याची यादी की लागेल तसं?

सासूबाई दर महिन्याच्या पाच तारखेला परळच्या वाण्याकडे यादी देत. मी काही महिने लागेल तसं मोबाइलवरून मागवून पाहिलं. जागा लहान, डबे कमी, त्यामुळे ते सोयीचं वाटलं. पण घरात खरंच लागत होती फक्त साखर, आणि तिच्यासोबत बिस्किटं नि फरसाण आलं. कारण काय, तर डिलिव्हरीचे पैसे वाचवायचे! असं महिन्यातून आठ-दहा वेळा झालं की बजेट कुठे गळतं ते कळतही नाही.

यादीत आकडा आधी समोर येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने आयात खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं आणि तेल महागलं, तेव्हा आम्ही यादीतच पाचाचे चार लिटर केले. तळण रविवारपुरतं ठेवलं. तुटक खरेदीत हे जमलंच नसतं. शिवाय छोटं पाकीट बहुतेकदा महाग पडतं; एमआरपीजवळ छापलेला प्रति ग्रॅमचा भाव ताडून पाहा.

एकदम भरण्यातही एक खोट आहे, मुंबईचा पावसाळा. जुलैत रव्याचा डबा उघडला तर जाळी धरलेली, आत टोके. दोन किलो फेकताना जीव तुटला. म्हणून जून ते सप्टेंबर रवा, बेसन पंधरवड्यापुरतंच आणते. तूरडाळ भाजून, गार करून भरते.

भाजी मात्र रोजच्या रोज, दादरला उतरून. बाकी सगळं पाच तारखेच्या यादीवर.