वेफर्स: सलग तळलेले की घाण्यांनी तळलेले?

बटाटा तोच, तेल तेच, तरी एक वेफर ओठांवरच मोडतो आणि दुसरा दाढेखाली कडाकड वाजतो. फरक मुख्यतः तेलाच्या तापमानाचा.

कारखान्यातल्या सलग तळणीत काप एका टोकाने शिरतात आणि साधारण तीन मिनिटांत दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात. तेल १७५-१८० अंशांच्या आसपास टिकवलेलं असतं. कापातलं पाणी झपाट्याने वाफ होतं, फोड येतात, पोत हलका आणि ठिसूळ होतो.

घाण्याची, म्हणजे एकेक खेप कढईत टाकून तळण्याची, गोष्ट वेगळी. गार, ओले काप एकदम पडले की तेलाचं तापमान धाडकन उतरतं आणि हळूहळू पुन्हा चढतं. वेळ दुपटीहून जास्त लागतो. पिष्ट (स्टार्च) सावकाश फुगतं, मग घट्ट वाळतं, म्हणून कुरकुरीतपणा दणकट. काप अनेकदा जाडसर आणि न धुतलेले असल्याने ते चिकटतात, दुमडतात. मला तर ते दुमडलेलेच आवडतात.

शेवटी पाणी दोन्हींत जवळपास २ टक्केच उरतं. पाकीट उघडं ठेवलंत तर दोन्ही सादळणारच, पण पातळ वेफर आधी मान टाकतो. डिपमध्ये बुडवायला अर्थातच घाण्याचा.