हार्डनरचा डबा कधी उघडलाच नाही

आमच्या घरातला उभा पियानो पप्पांचा. आम्ही सोलापुरात रेल्वे लाईन्सला राहायचो तेव्हापासूनचा, वर अक्रोडाचं विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेला. पप्पा गेल्यावर तो तसाच पडून होता. लाखेचं पॉलिश काळवंडलं होतं, झाकणावर फुलदाणीच्या पाण्याचे पांढरे गोल उमटले होते. मुलीच्या लग्नाआधी तो नीट करून घ्यावा, एवढंच मनात होतं. ज्यांच्या घरी असं जुनं वाद्य आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला आधी सांगणारं कोणी भेटलं नाही.

फर्निचर पॉलिश करणारा एक मिस्त्री ओळखीतून आला. त्याने नमुन्याच्या तीन फळ्या दाखवल्या. मी मधली निवडली: गडद अक्रोडी, सेमी-मॅट, खालच्या लाकडाच्या रेषा दिसतील अशी. काळ्या ग्लॉसला मी स्पष्ट नाही म्हटलं होतं. काम पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचं, ठरलं, भाव 38,000 रुपये, त्यातले 25,000 इसार म्हणून दिले. वहीच्या कागदावर त्याने फक्त 'पियानो पॉलिश' असं लिहून दिलं. कुठलं मटेरियल, किती हात, कुठला रंग, यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं, आणि मीही लिहून मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परतले तर डाव्या बाजूचं विनियर घासून गेलेलं, खालचं फिकट लाकूड उघडं पडलेलं. जुनं विनियर जेमतेम मिलिमीटरभराचं असतं. ते हाताने, बारीक पॉलिश पेपरने घासायचं. याने मशीन फिरवली होती. मला म्हणाला, "अक्का, लाकूडच खराब होतं. आता काळाच द्यावा लागेल. पियानो काळाच शोभतो बघा." मी रडवेली झाले होते, हो म्हणून बसले. काम तिथेच थांबवायला हवं होतं. काळ्याखाली लांबी (पुट्टी) भरून सगळं झाकता येतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

पीयूचे दोन भाग असतात: मूळ द्रव आणि हार्डनर. डब्यावर दिलेल्या प्रमाणात दोन्ही मिसळले की ते आतून पक्कं होतं, आणि मिसळलेला माल काही तासांतच वापरून संपवावा लागतो. आमच्याकडे नामांकित कंपनीचा डबा आला, पण तो आधीच उघडलेला होता. त्याच डब्यातून तो चार दिवस रंग काढत राहिला. हार्डनरचा छोटा डबा कोपऱ्यात ठेवलेला, झाकणाचं सील तसंच. ते मी रोज पाहत होते, त्याचा अर्थ मला कळत नव्हता.

स्प्रे मारताना त्याने आतली यंत्रणा काढली नाही, वर फक्त जुनी चादर टाकली. काळ्या रंगाचा फवारा तारांवर आपटणाऱ्या छोट्या हातोड्यांच्या फेल्टवर आणि तारांवरही बसला. पट्ट्यांवरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बनवणाऱ्या कंपनीचं सोनेरी नाव होतं, तेही घासून गेलं. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. पप्पा त्या अक्षरांवर बोट ठेवून मला वाचायला शिकवायचे.

वरून चमक सुरेख होती. उरलेले 13,000 मी त्याच दिवशी दिले.

मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेला आणि झाकणाला हात चिकटायला लागला. वर ठेवलेल्या क्रोशाच्या रुमालाची नक्षी रंगात उमटली. पुण्याहून ट्यूनिंगला येणाऱ्या काकांनी मागच्या कोपऱ्यात थिनरचा कापूस धरला. मिनिटाभरात रंग मऊ होऊन कापसाला लागला. ते म्हणाले, "ताई, पक्कं झालेलं पीयू थिनरने असं सुटत नाही. हा साधा, स्वस्तातला लॅकर आहे." जुन्या लाखेच्या पॉलिशला तर नुसतं स्पिरिट पुरतं. ही चाचणी न दिसणाऱ्या जागी, शेवटचे पैसे देण्याआधी करता येते. पियानोचं काम असेल तर आधी ट्यूनरला बोलावून यंत्रणा बाहेर काढून घ्या, आणि डबे तुमच्यासमोर फोडायला लावा.

मिस्त्रीला फोन केला. आधी म्हणाला उन्हामुळे झालं, मग फोन उचलेना. त्या कागदाच्या जोरावर मला काहीच सिद्ध करता येत नाही.

नमुन्याची मधली फळी आमच्याकडेच राहिली आहे. काकांनी तिच्यावरही तोच कापूस धरला. रंग जरासुद्धा हलला नाही. ती फळी खरोखर पीयूची होती.