१९४२ ची म्हणून आलेली सोला टोपी: पाचपैकी एक तारा

साताऱ्यात तीस वर्षं टेलरिंग करतोय. त्यातली निम्मी वर्षं नुसते गणवेश शिवले. वडील मराठा पलटणीत होते, त्यामुळे फौजी टोप्यांची ओढ लहानपणापासूनच. आज घरात बावीस टोप्या आहेत आणि एकूणएक मी उलटी करून, शिवण बघूनच घेतलेली आहे. फक्त ही एक फोटोवर विश्वासून मागवली.

ऑनलाइन विक्रेत्याची जाहिरात होती: ‘१९४२, अस्सल सोला टोपी, मराठा पलटणीच्या शिपायाची, बॅजसह.’ किंमत ६,८०० रुपये. खरं तर ‘शिपायाची’ या शब्दालाच मी थांबायला हवं होतं. सोला टोपी मुख्यतः गोऱ्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या डोक्यावर असायची, आपल्या शिपायाच्या डोक्यावर पगडी. पण बॅज बघितला आणि मन गेलं.

पॅकिंग चांगलं होतं, दोन पेट्या एकात एक. टोपी हातात घेतली आणि जड लागली. सोला म्हणजे पाणथळीत उगवणाऱ्या झाडाचा गाभा, पांढरा आणि हलका. त्याचे पातळ थर साच्यावर चिकटवून टोपी करतात. पाचगणीच्या एका बंगल्याचं सामान निघालं तेव्हा घेतलेली माझी जुनी टोपी उचलली की हातात काही आहे असं वाटत नाही. या टोपीच्या काठाला एका जागी खाकी कापड सुटलं होतं, तिथून आत बघितलं तर करडा, दाबलेला पुठ्ठा.

मग आतला चामड्याचा पट्टा बघितला. टोपी वर्षानुवर्षं वापरली की कपाळाच्या जागी पट्टा सगळ्यात काळा पडतो, मागे तेलाचा डाग येतो, कानांवर कमी. इथे पट्टा चारही बाजूंनी सारखाच तपकिरी होता, आणि हुंगला तर बुटाच्या पॉलिशचा वास. ज्याने हा रंग चढवला त्याने ती टोपी उन्हात घालून कधी बघितलीच नसणार.

शेवटचं माझ्या धंद्यातलं. उजव्या कानाजवळ पट्टा अस्तराला जोडलाय, तिथले तीन टाके उसवले आणि दोऱ्याचा तुकडा आगपेटीच्या काडीवर धरला. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि बोटांत चोळला तर मऊ राख होते. हा दोरा आकसला आणि त्याची काळी, कडक गुठळी झाली. म्हणजे पॉलिएस्टर. त्याचा शोधच १९४१ चा, आणि सर्रास वापरात आला तो युद्धानंतर. अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली अस्तरही निळसर पांढरं चमकलं, पण एवढ्यावरून निकाल देऊ नका. जुनं अस्तर कुणी आताच्या साबणपावडरीत धुतलं असेल तर तेही चमकतं. म्हणून मी धुण्याचा हात न लागलेला, शिवणीच्या आतला दोरा बघतो.

आणि बॅज. बिगुल बरोबर होता, वरचा मुकुट मात्र चुकीचा. राजाच्या काळच्या मुकुटाच्या कमानी मध्याकडे चढत जातात. एलिझाबेथ राणीच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या असतात, आणि तो मुकुट ब्रिटिश बॅजवर १९५२ नंतर आला. तोवर आपण प्रजासत्ताक होऊन दोन वर्षं झाली होती. भारतीय पलटणीच्या बॅजवर तो मुकुट असूच शकत नाही. या बॅजवर नेमका तोच होता. मागची बाजू सपाट आणि बारीक खड्ड्यांनी भरलेली, म्हणजे ओतीव. ठशावर दाबून काढलेल्या बॅजच्या मागे बिगुलाचा उलटा खोलगट आकार दिसतो.

विक्रेत्याला नऊ फोटो पाठवले. ‘साहेब, आमच्याकडे सगळा माल ओरिजिनलच असतो’ एवढंच उत्तर आलं. दुसऱ्यांदा लिहिल्यावर निम्मे पैसे देतो म्हणाले. मी नको म्हटलं. टोपी परत पाठवली, अकराव्या दिवशी पूर्ण रक्कम परत आली, पाठवणीचे ३४० रुपये माझ्याच खिशातून गेले. पैसे परत केले म्हणून एक तारा.

हीच टोपी ‘नाटकासाठी’ म्हणून दीड हजाराला विकली असती तर मी चार तारे दिले असते. शिलाई सरळ आहे, पगडीपट्टीच्या, म्हणजे टोपीभोवती गुंडाळलेल्या कापडाच्या, घड्या नीट बसवल्यात, कुठल्याही कपडेपटाला चालेल. करणाऱ्या कारागिराला माझा नमस्कार आहे. तक्रार आहे ती १९४२ लिहिणाऱ्याशी.

पुढच्या माणसाने घेण्याआधी आतल्या पट्ट्याचा आणि बॅजच्या मागच्या बाजूचा फोटो मागावा. काल तीच टोपी पुन्हा विक्रीला लागलेली दिसली, ७,५०० रुपयांना, ‘अस्सल’ म्हणूनच. आतल्या बाजूचा एक फोटो या वेळी टाकलाय. त्यात उजव्या कानाजवळचे तीन टाके उसवलेले आहेत.