आतून रंगवलेली मधपेटी कोणी विकत असल तर घेऊ नका

राजेहो, संत्र्याचा आंबिया बहार आला की वरूड-मोर्शीकडे परागीभवनासाठी मधपेट्यांची शोधाशोध सुरू होते, म्हणून आधीच लिहून राहिलो. मेलिफेराच्या, म्हणजे युरोपियन पाळीव मधमाशीच्या, वसाहती मी चांगल्या जागेवरून आणल्या होत्या, रिकाम्या पेट्या मात्र एका माणसाकडून घेतल्या, तो म्हणे धंदा बंद करून राहिलो, निम्म्या भावात देतो अन् वरून बांधलेल्या पोळ्याच्या फ्रेमा फुकट. किलोभर मेण बनवायला माश्या 6-8 किलो मध खाऊन टाकतात, पोळं तयार असलं तर तेवढा मध वाचतो, हे त्याचं बोलणं खरंच होतं. पट्ठ्यानं खरं बोलूनच गंडवलं.

पेट्या आतून-बाहेरून पांढऱ्याफट्ट. आता आतून मधपेटी कोण रंगवते? आत माश्याच राळ फासतात. तो रंग कायले होता ते मागून समजलं.

पुढं अळ्यांच्या घरांची झाकणं आत दबली, त्याले बारीक भोकं पडली, पेटी उघडली की सरस शिजवल्यासारखा वास. ओळखीचे एक जुने मधपाळ काका आले, त्यायनं आगकाडी एका घरात फिरवून हळूच वर काढली तर तपकिरी चिकट तार इंचभर ताणत आली. "अमेरिकन फाउलब्रूड हाय बाप्पा," म्हणजे अळ्या सडवणारा जिवाणूचा रोग. मग फुकटातल्या ज्या फ्रेमा वापरल्याच नव्हत्या त्या उन्हाकडे तिरप्या धरल्या, घराच्या खालच्या भिंतीला काळी खपली, नखानं निघत नाही. म्हणजे रोग मालासंगच आला, अन् पेटीतला रंग त्याच्या खुणा झाकायले होता. विकणाऱ्याले फोन केला तर म्हणे तुमच्या माश्याच कमजोर, अन् नंतर फोन उचलणंच बंद.

याचे बीजाणू 35 वर्षांनंतरही जिवंत सापडलेत. औषधानं रोग दबतो, बीजाणू मरत नाहीत, नुसतं ऊन दाखवूनही काही होत नाही. मेणकिड्याची जाळी दिसली तर एवढं घाबरू नका, ती खरवडून निघते. जुनी पेटी घ्याचीच असल तर आतून बिनरंगाची घेजा अन् ब्लोलॅम्पनं कोपऱ्यांसकट लाकूड तपकिरी होईस्तोवर शेकजा. जुनं पोळं मात्र फुकटातही नको.

रोगी फ्रेमा जाळाच्या असल तर खड्ड्यात जाळा, संध्याकाळी, माश्या फिरत नसताना, अन् लगेच माती लोटा, नाहीतर उरलेला मध दुसऱ्याच्या माश्या लुटून नेतात अन् रोग शेजारच्या वावरात जाते.