८×३२ की १०×४२: तळ्याकाठी कोणती दुर्बीण?

उन्हाळ्यात तळ्याकाठी निवांत बसून पक्षी आणि चतुर बघायचे आहेत, पण दुर्बिणीवर मैत्रीण अडली आहे. हे तिच्यासाठीच: खोक्यावरचे दावे बाजूला ठेवू.

पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते: इथे ४ आणि ४.२. उजेडात जवळपास बरोबरीच.

खरा फरक हातात कळतो. दहापटीत हाताचं कापणंही दहापट दिसतं, आणि दुपारी पाण्यावरच्या तापलेल्या हवेची थरथरही जास्त खुपते. आठपटीत सहसा दृश्य रुंद असतं, म्हणून सूर मारणारा खंड्या किंवा भिरभिरणारा चतुर पटकन सापडतो. वजनही कमी.

कीटकांसाठी मात्र किती जवळचं स्पष्ट दिसतं हेच बघ. २ मीटरवरच्या टाचणीच्या (चतुरासारखाच, पण बारीक कीटक) पंखावरचा ठिपका दिसायला हवा. हे मॉडेलनुसार बदलतं. घेण्याआधी स्वतःच्या पायांवर रोखून बघ.

पल्याडच्या काठावरची बदकं ओळखायची असतील तर १०×४२. अलीकडच्या गवतातच रमणार असशील तर ८×३२. मी तीच घेईन.