गच्चीबागेचं किट: पिशव्या घ्या, ठिबक मात्र वेगळं

शाळा आणि सोसायट्यांना विकलं जाणारं हे किट असं: बारा बाय बारा इंची २० ग्रो बॅगा, कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या, पाच किलोच्या ३ विटा, ४० किलो गांडूळखत, २ किलो निंबोळी पेंड, ठिबकचा संच आणि बियाण्यांची पाकिटं. नागपूरच्या गच्चीवर यातलं निम्मंच कामाचं.

पिशव्यांना नाव ठेवायला जागा नाही. कापड जाड, शिलाई दुहेरी, तळाला पाणी जायला भोकं. एकीत साधारण १७-१८ लिटर माल बसतो, म्हणजे वीस पिशव्यांना ३५० लिटर लागतो. एक वीट भिजून ७० लिटरच्या आसपास होते. खत धरूनही भर कमी पडते, आणि ते बरंच आहे, कारण नुसतं कोकोपीट-खत इथे मे महिन्यात दगा देतं. एकदा पिशवीत कडकडीत वाळलं की कोकोपीट लवकर पाणी धरत नाही. पाणी कडेकडेने तळातून वाहून जातं, वरून ओलं दिसतं आणि मधला गड्डा कोरडा राहतो. म्हणून ४० टक्के माती घालायचीच. ती आपली काळी असेल तर मातीच्या चौथ्या हिश्श्यापुरतीच, बाकी पोयटा, म्हणजे गाळाची माती. काळी माती भिजली की चिकट होते, वाळली की भेगाळते आणि मुळं तोडते. पिशवीमागे पेंड शंभर ग्रॅम पुरे. विटा दोनतीनदा धुऊन घ्या, नाहीतर त्यातल्या मिठाने रोपांच्या पानांची टोकं करपतात.

खरी गफलत ठिबकमध्ये आहे. संचात प्रेशर कॉम्पेन्सेटिंग, म्हणजे दाब कमीजास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारे ड्रिपर दिलेत, आणि जोडायचे सांगितलेत पाण्याच्या ड्रमला. हे ड्रिपर चालायला निदान अर्धा बार दाब लागतो. मीटरभर उंचीच्या ड्रममधून मिळतो ०.१ बार. काही थेंबतात, काही थेंबतच नाहीत. साधे, ताशी ४ लिटरचे ड्रिपर लावा. या दाबाला ते ताशी सव्वा लिटर देतील, तेवढं हिशेबात धरा. बोअरचं पाणी असेल तर फिल्टर हवाच, क्षारांनी तोंडं बुजतात. शाळेत पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली बाटल्या ठेवून पंधरा मिनिटांत किती पाणी जमलं ते मोजायला लावा. दाब म्हणजे काय, हे फळ्यापेक्षा तिथे लवकर कळतं.

बियाणं निवडणाऱ्याने विदर्भ पाहिला नसावा. ब्रोकोली, लेट्यूस, चेरी टोमॅटो! आपल्याकडच्या शाळा उघडतात जूनअखेरीस. तेव्हा भेंडी, चवळी, दोडका, अंबाडी लावा. भेंडी-चवळी पन्नासेक दिवसांत येते, पोळ्याच्या सुमारास मुलांच्या हातात तोडणी. पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) ऑक्टोबरनंतर. सांबाराचे धणे हलके रगडून दोन फाकी करूनच पेरा. उन्हाळ्यात ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी लागेल, ती किटमध्ये नाही. सुटीत पाणी कोण घालणार, ते आधी ठरवा.

वजनाबद्दल माहितीपत्रकात एक ओळ नाही. ओली पिशवी अठरा-वीस किलोची. ये-जा असलेल्या गच्चीचा भार साधारण १५० किलो प्रति चौरस मीटर धरलेला असतो, त्यामुळे एका चौरस मीटरात सहापेक्षा जास्त पिशव्या नकोत. त्या भिंतीलगत, बीमवर, विटांवर उचलून ठेवा, म्हणजे खाली पाणी मुरणार नाही. जुन्या इमारतीत आधी अभियंत्याला विचारा.