रविवारचे हवामानपत्रक: मागची बाजू आधी वाचावी

आमच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका कृषी सेवा केंद्रात दर रविवारी सकाळी येत्या आठवड्याच्या हवामानाचे मराठी पत्रक मिळते. दोन्ही बाजूंनी छापलेला एकच कागद असतो आणि त्याची किंमत 5 रुपये आहे. पुढच्या बाजूला सात दिवसांचा अंदाज असतो, मागच्या बाजूला ढगाच्या एखाद्या प्रकाराची माहिती असते. दीड वर्ष हे पत्रक वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, लोक ते पुढच्या बाजूसाठी घेतात, परंतु पाच रुपये खऱ्या अर्थाने वसूल होतात ते मागच्या बाजूवर.

अंदाज हवामान खात्याच्या माहितीवरून तयार केला जातो आणि शब्दही खात्याचेच असतात, मात्र त्यांचा अर्थ कुठेही दिलेला नसतो. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे त्या भागातील फार तर 25 टक्के केंद्रांवर पाऊस. जिथे पडेल तिथे तो कमीच पडेल, असे त्यात म्हटलेले नसते. याहून मोठी उणीव म्हणजे संपूर्ण बेळगाव जिल्ह्यासाठी एकच ओळ. मलप्रभा नदी जिथे उगम पावते त्या घाटमाथ्यावरील कणकुंबीचा पाऊस आणि अथणी-रायबागच्या माळावरचा पाऊस यांना एका ओळीत बसवणे शक्यच नाही.

या दोन्ही उणिवांची किंमत मी मोजली आहे. गेल्या ऑक्टोबरात बुधवारसाठी ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ असा अंदाज होता, म्हणून मंगळवारी आम्ही इंद्रायणी भात कापून शिवारातच वाळत घातले. बुधवारी सकाळी आभाळ निरभ्र होते. अकराच्या सुमारास पूर्वेला पांढरे ढग दिसू लागले आणि दोन वाजता आई म्हणाली, “अरे, ढगाचं बूड काळं पडायलंय, ताडपत्र्या काढ बघू.” मी कागदावर विसंबून राहिलो. साडेतीनला विजांसह पाऊस आला, पाऊण तासात शिवारात पाणी साचले आणि चार दिवसांत लोंब्यांना मोड फुटले.

वाईट याचे वाटले की, आई जे सांगत होती ते त्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला छापलेले होते. तो अंक राशिमेघांचा, म्हणजे ढिगासारख्या वर फुगत जाणाऱ्या ढगांचा होता आणि मी वाचलेल्या सर्व अंकांत तो सर्वोत्तम आहे. जमीन तापली की तिच्या लगतची हवा हलकी होऊन वर चढते; वर दाब कमी असल्यामुळे ती प्रसरण पावते आणि दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी थंड होत जाते. ज्या उंचीवर तिच्यात बाष्प मावेनासे होते, तिथे धूळ, धूर आणि मिठाच्या सूक्ष्म कणांवर पाण्याचे थेंब धरू लागतात, आणि म्हणूनच या ढगांचे बूड विळ्याने कापल्यासारखे सपाट दिसते. हवेचे तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते) यांत जितक्या अंशांचा फरक असेल, त्याला 125 ने गुणले की बुडाची उंची साधारणपणे मीटरमध्ये मिळते. फरक 8 अंशांचा असेल तर बूड हजार मीटरवर. बाष्पाचे पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते, तीच ढगाला आणखी वर नेते. ढग रुंदीपेक्षा उंचीने वाढू लागला की तो गर्जन्मेघाच्या, म्हणजे विजा-गडगडाटाच्या ढगाच्या वाटेला लागलेला असतो. तो जसजसा जाड होतो तसतसा त्यातून खाली येणारा उजेड कमी होतो आणि बूड काळे दिसते. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा रेखीव शेंडा पुसट होऊन लोहाराच्या ऐरणीसारखा पसरला, म्हणजे वर हिमकण तयार झाले आहेत आणि आता ताडपत्री शोधायलाही वेळ उरलेला नाही, असे समजावे.

आषाढातील झडीवरचा अंकही जपून ठेवण्यासारखा आहे. नैर्ऋत्येचे वारे समुद्रावरील बाष्प घेऊन चोर्ला घाटाच्या बाजूने सह्याद्री चढतात, तेव्हा स्तरमेघांचा थर दिवसेंदिवस हटत नाही आणि ढग गरजल्याचेही क्वचितच ऐकू येते. घाटमाथा ओलांडून पूर्वेला उतरताना तीच हवा दाबली जाऊन तापते व ढग विरू लागतात. घाटाजवळच्या जांबोटीला धो धो पाऊस असताना बेळगावात नुसती रिपरिप आणि अथणीकडे ऊन असू शकते, ते यामुळे. हा अंक वाचल्यापासून पुढच्या बाजूची एक ओळ घाटमाथा, बेळगाव परिसर आणि पूर्वेचे तालुके अशी तीन ठिकाणी वेगवेगळी लावून पाहण्याची मला सवय लागली.

छपाईबद्दल मात्र तक्रार आहे. 1802 साली ल्यूक हॉवर्ड यांनी ढगांना दिलेली लॅटिन नावे आणि आपली मराठी नावे शेजारी शेजारी दिली आहेत, हे चांगले. पण छायाचित्रे इतकी काळवंडलेली असतात की तंतुमेघांच्या, म्हणजे उंचावरच्या विरळ, तंतूंसारख्या ढगांच्या अंकात कोऱ्या आभाळाखेरीज काहीच दिसले नाही.

अंदाज तीन विभागांत द्यावा आणि खात्याच्या शब्दांचे अर्थ तळाशी छापावेत, असे मी दुकानदारांना लिहून दिले आहे. पेरणीच्या आणि सुगीच्या दिवसांत दहा वाजेपर्यंत सर्व प्रती संपतात, तेव्हा ज्यांना हवे असेल त्यांनी सकाळीच जावे. राशिमेघांचा जुना अंक मागितल्यास त्याची झेरॉक्स काढून देतात.